रेडिओ ‘या, बसा’

आमच्या साडूंनी आयुष्यात एकाही माणसाला नुसतं येऊ दिलं नाही. माणूस आला की त्याचं स्वागत व्हायलाच हवं, आणि तेही नाव, गाव, नातं आणि जमल्यास हुद्दा यांच्यासकट, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हा त्यांचा नेम होता. चौसाळ्याच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पहिल्या पायरीवर असतानाच हे गादीवरून अर्धे उठत आणि हात जोडून म्हणत, "या, या! मळ्याचे मालक, दोन जावयांचे सासरे आणि आमच्या थोरल्या मेव्हण्याचे वर्गमित्र, या, बसा!" दुधाच्या पातेल्याला झाकण घ्यायला आलेला तो माणूस, आपल्यामागून कुणी थोर गृहस्थ येतोय की काय, म्हणून वळून बघे. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस तर या स्वागतानं इतका गोंधळे, की आकडा न टिपताच निघून जाई. दुसऱ्या दिवशी त्याला परत यावं लागे. मग त्याचं पुन्हा स्वागत.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघण्याचा कार्यक्रम चौसाळ्याला त्यांच्याच घरी झाला. मी पहिल्यापासून कमी बोलणारा. पुढं सगळी नोकरी बीडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, म्हणजे न बोलण्याचाच पगार घेतला म्हणा ना. त्या दिवशी साडूंनी माझी ओळख जमलेल्या सगळ्यांना करून दिली, आणि त्यात माझे आईवडीलही होते. माझ्याविषयी इतकं चांगलं माझ्या वडिलांनी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते कौतुकानं मान डोलावत होते. आपण होकार दिला तो साडूंच्या वर्णनातल्या माणसाला, प्रत्यक्षात आला तो दुसराच, असं माझी बायको अजून म्हणते. तेव्हापासून ते मला ‘पावणं’ म्हणत आले. माझे केस पिकले, मी निवृत्त झालो, त्यांच्या घरात कपबशा कुठल्या फळीवर असतात हे मला आक्कांपेक्षा जास्त ठाऊक झालं, तरी मी पावणं तो पावणंच. आक्का म्हणजे त्यांची बायको. मी शनिवारी बीडहून एसटीनं उतरलो की दुकानाच्या पायरीशी माझी सगळी माहिती पुन्हा एकदा जाहीर होई. भाजीवाल्यांनाही ती पाठ झाली होती.

लोकांची नावं घेणं हा त्यांचा धंदाच होता असंही म्हणता येईल. आहेराच्या भांड्यांवर नावं कोरायचं विजेवर चालणारं यंत्र त्यांच्याकडं होतं, आणि त्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गिऱ्हाईक म्हणे, "काका, नुसतं ‘मामाकडून’ टाका." ते यांना पटत नसे. "कोणता मामा? मामे काय कमी हायेत का जगात?" मग मामाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका. एकदा एका मामांनी भाचीसाठी सहा वाट्या घेतल्या. मजकूर पहिल्या वाटीवर मावेना, म्हणून साडूंनी उरलेला दुसरीवर नेला, तिथूनही उरला तो तिसरीवर. शेवटच्या वाटीवर फक्त ‘सप्रेम भेट’ एवढंच आलं. त्या सहा वाट्या ओळीनं मांडल्या तरच आहेर कुणाचा ते कळे. त्या घरी जेवायला बसलेली मंडळी एकमेकांच्या वाट्यांत डोकावतात अशी तक्रार आली, तेव्हा साडू म्हणाले, "चांगलंच हाय की. पंगतीत तेवढंच बोलणं व्हतं."

पण त्यांचा खरा संसार लग्नातल्या माइकशी होता. आमच्या भागात लग्न लागायच्या आधी तासभर माइकवरून आलेल्यांची नावं घेतात. ज्याचं नाव राहिलं तो जेवायला बसत नाही, आणि बसला तरी भाताला नावं ठेवतो. साडूंच्या हातून नाव राहत नसे. मांडवाच्या टोकाला कुणी मोटारसायकल लावताना दिसला, की इकडून आवाज जाई, "आत्ताच आगमन झालेले..." त्या गृहस्थाला गाडी स्टँडवर लावायचीही उसंत मिळत नसे. एका हातानं गाडी धरून दुसऱ्या हातानं नमस्कार. नावांच्या मधल्या जागेत त्यांची ठरलेली वाक्यं असत. "मागच्यांनी पुढं यावं, पुढं भरपूर जागा आहे." "महिला मंडळाची व्यवस्था डाव्या बाजूला केलेली आहे." "पांढऱ्या रंगाची गाडी रस्त्यात आडवी लागलेली आहे, ज्यांची असेल त्यांनी काढावी." आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती." हे शेवटचं वाक्य ते अशा काही जिव्हाळ्यानं म्हणत, की जेवून हात धुतलेली माणसंही थबकत.

आणि याच माइकनं त्यांचा घात केला. त्यांचे धाकटे भाऊ सुदामराव गेवराईला असतात. खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नात माइक अर्थातच साडूंकडं होता. पुतणीचं लग्न म्हणून ते असे रंगात आले होते, की पाहुणे, व्याही, व्याह्यांचे व्याही संपल्यावर त्यांनी बँडवाल्यांची, आचाऱ्याची आणि मांडववाल्याच्या टेम्पोवर बसून आलेल्या माणसाचीही नावं घेतली. सुदामराव नवा फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. एक कान सगळा वेळ माइककडं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मुलगी गाडीत बसली. मग ते भावासमोर येऊन उभे राहिले.

"दादा, माझं नाव?"

"तुझं कशाला?"

"समद्या दुनियेचं घेतलंस. टेम्पोवाल्याचं घेतलंस. पोरीचा बाप मी, माझं न्हाई?"

"आरं, तू घरचा माणूस. घरच्याला कुणी या-बसा म्हणतं का?"

"ते मला सांगू नगंस. लोक काय म्हणले असतील? माइकवर घेतलं न्हाईस न्हवं? आता माइकवरच घे. तवर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

मी बाजूलाच होतो. रडून थकलेल्या मुलीच्या बापाचं बोलणं आहे, दोन दिवसांत निवळेल, असं मला वाटलं. निवळलं नाही. दिवाळी गेली, पाडवा गेला. सुदामराव शब्दाचे पक्के, आणि साडू तत्त्वाचे पक्के. साडूंनी काय केलं, तर माइकच सोडला. "ज्या माइकनं भाऊ गेला तो मला कावून पायजे?" पुढच्या लग्नसराईत बोलावणी आली, यांनी नाकारली. पण बोलायची सवय जाणार कुठं? आक्का भाकऱ्या थापत असल्या की हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, "आता तव्यावर आगमन होत आहे..." असं काहीतरी पुटपुटत. आक्का वैतागून पुण्याच्या मुलीला फोनवर म्हणाल्या, "तुझ्या बापाला कुठंतरी बोलायला लाव बाई, न्हाईतर मी येडी व्हईन."

मुलगी कॉम्प्युटरमधली. तिनं सुचवलं, बाबा, इंटरनेटवर रेडिओ काढा. लायसनची भानगड नाही, उंच टॉवर नको, एक लॅपटॉप आणि एक माइक. ज्याला ऐकायचं तो जगात कुठूनही मोबाइलवर ऐकेल. साडूंनी एवढंच विचारलं, "ऐकणाराचं नाव कळंल का?" मुलगी म्हणाली, त्यांनी मेसेज केला तर कळेल. झालं. दुकानामागचं भांड्यांचं गोदाम रिकामं करायला घेतलं. पूर्ण रिकामं कधीच झालं नाही. त्यामुळं साडू जोरात बोलले की कोपऱ्यातले हंडे घुमत आणि स्टीलची ताटं बारीक आवाजात किणकिणत. कितीतरी श्रोत्यांना ते पार्श्वसंगीत वाटे. घुमणं कमी व्हावं म्हणून भिंतींना कापड लावा असं मुलीनं सांगितलं, तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळी खिळ्यांना टांगल्या. थंडीचे दिवस होते. आक्का म्हणाल्या, "घरात माणसं कुडकुडायलीत आन भिंतीला वाकळ! भिंत काय बाळंतीण हाय का?"

रेडिओचं नाव ‘या, बसा’. उद्घाटन रीतसर झालं. मी अध्यक्ष, आक्का श्रोतृवृंद. साडूंनी प्रास्ताविक केलं, नारळ फोडला, माझ्या खांद्यावर शाल घातली, लॅपटॉपला बांधलेली लाल फीत माझ्याकडून कापून घेतली, आणि तेही ऐकणाऱ्यांना सांगत, "आता फीत कापली जात आहे... कापली!" आक्कांनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आभारापर्यंत सगळं यथासांग पार पडलं आणि मुलीचा फोन आला, "बाबा, सुरू कधी करताय? तुमचा माइक बंद आहे." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, उद्या बघू. साडूंनी फितीला गाठ मारली, दुसरा नारळ मागवला, माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली आणि ती पुन्हा माझ्या खांद्यावर घातली.

हळूहळू श्रोते जमले. गावातली जी पोरं चाकणच्या कंपन्यांत होती, जी माणसं ट्रक घेऊन सुरतेकडं जात, जी जोडपी ऊसतोडीला लांब फडावर होती, ती संध्याकाळी सातला मोबाइल लावून बसू लागली. ऐकणाऱ्यानं ‘हजर’ असा मेसेज पाठवायचा, की साडू त्याचं स्वागत करणार. कार्यक्रम तासाभराचा, त्यात स्वागत पाऊण तास आणि आभार दहा मिनिटं. उरलेल्या वेळात बाजारभाव, कुणाची शेळी हरवली, कुणाला नातू झाला, आणि गावातल्या भजनी मंडळाचं आधी भरून ठेवलेलं एक भजन. कुणाचं नाव कुणानंतर घ्यायचं यावरून इकडंही रुसवेफुगवे झाले. तेलगावचे त्यांचे व्याही हजर झाल्याशिवाय ते सुरुवातच करत नसत. व्याही सात वाजता म्हशीची धार काढायला बसत. तोवर साडू माइकवर नुसते, "हॅलो... हॅलो... थोड्याच वेळात..." म्हणत राहत. एकदा फडावरून कुणाचा तरी मेसेज आला, "सुरू कर बे म्हताऱ्या, आमाला झोपायचंय." साडूंनी तो मेसेज मोठ्यानं वाचला आणि पाठवणाऱ्याचं नाव-गाव शोधून काढून त्याचं सन्मानपूर्वक स्वागत केलं.

लग्नातल्या वाक्यांची सवय सुटणं शक्यच नव्हतं. जगभर पसरलेल्या श्रोत्यांना ते सांगत, "मागच्यांनी पुढं यावं." एकदा सवयीनं पांढऱ्या गाडीची सूचना गेली. थोड्या वेळानं वापीहून एका ड्रायव्हरचा मेसेज आला, "काढली काका." मलाही त्यांनी एका शनिवारी पुस्तकांवर बोलायला बसवलं. मी आठवडाभर तयारी केली होती, टिपणं काढली होती. साडूंनी माझा परिचय करून द्यायला सुरुवात केली. माझं बालपण, माझ्या चष्म्याचा नंबर, कॉलेजात वाळवी लागली तेव्हा मी पुस्तकं कशी उन्हात घातली, हे सगळं सांगून होईपर्यंत वेळ संपली. "वेळेअभावी इथंच थांबू," असं म्हणून त्यांनी माझे आभार मानले. मी ‘नमस्कार’ म्हणालो होतो. माझ्या रेडिओवरच्या कारकिर्दीतला तो एकमेव शब्द.

या रेडिओची एक गंमत होती. गोदामात बोललेलं मोबाइलवर यायला अर्धा-पाऊण मिनिट लागे. मी बाहेर ओट्यावर मोबाइल घेऊन बसे. दारातून साडूंचा खरा आवाज येई, आणि तेच पुन्हा थोड्या वेळानं माझ्या हातात. साडूंना याचं भारी अप्रूप. आभार मानून झाले, माइक बंद केला, की ते धोतर सावरत ओट्याकडं धावत, माझ्या शेजारी टेकत आणि म्हणत, "थांबा, आता मी आभार मानायलोय." स्वतःचे आभार ऐकताना ते हात जोडून बसत. एकदा मात्र चुकून तेलगावच्या व्याह्यांच्या आधी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव गेलं. साडूंच्या लक्षात आलं, आणि अजून अर्धं मिनिट हातात आहे हेही लक्षात आलं. ते गोदामातून बाणासारखे सुटले आणि माझ्याकडं बघून ओरडले, "पावणं, धरा! धरा ते! जाऊ देऊ नका!" मी घाबरून मोबाइल छातीशी घट्ट धरला. त्यातून व्हायचं ते झालंच.

सुदामराव रेडिओ ऐकत होते. हे मला माहीत होतं, कारण ते मला फोन करून आपण ऐकत नसल्याचं सांगत. "सर, मी काय ते लावत न्हाई. दुकानात गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर चालू व्हतं. दादाला खोकला झालाय का? आन आज तेलगावच्या पावण्यांचं नाव दोनदा घेतलं त्यानं. ध्यान कुठं असतं त्याचं?" मी म्हणालो, एक ‘हजर’ पाठवून द्या, सगळं मिटेल. ते उसळले. "हजेरी लावून नाव मागू? मी काय श्रोता हाय का? भाऊ हाय मी त्याचा."

इकडं साडूंनाही ठाऊक होतं. किती मोबाइलवर रेडिओ चालू आहे ते लॅपटॉपच्या पडद्यावर दिसे, आणि हजेरी लावलेल्यांपेक्षा तो आकडा नेहमी एकानं जास्त असे. साडू त्याच्याकडं बोट करून मला हळूच म्हणत, "एकजण न बोलता बसलाय बघा." कधी कधी माइकवर बोलता बोलता मध्येच थांबून म्हणत, "जे कुणी मागं उभे असतील, त्यांनी बसून घ्यावं." गेवराईत काय व्हायचं ते मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळे. "सर, ते मागं उभं कुणाला म्हणला तो?"

मी साडूंना कितीदा तरी म्हणालो, घ्या ना एकदा नाव. काय जाणार आहे तुमचं? ते नावं कोरायचं यंत्र पुसत होते. म्हणाले, "पावणं, जन्म गेला माझा भांड्यांवर नावं टाकण्यात. कोणत्या भांड्यावर टाकतो आपण नाव? जे दुसऱ्याच्या घरी जायचंय त्याच्यावर. रोजच्या तव्यावर कधी टाकलंय का कुणी? सुदामला ‘या, बसा’ म्हणलं की तो पावणा झाला. मग तो येईल, चहा पिईल आन जाईल. मला तसा नगं हाय तो."

 

मग त्यांचा खोकला वाढला. बीडला दाखवलं, फोटो काढले, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. साडूंना एवढंच सांगितलं, की बोलणं कमी करा. ते घरी येताना गाडीत म्हणाले, "बाजारभाव काढून टाकू. शेळ्या पण काढू. स्वागत तेवढं राहू द्या." आवाज दिवसेंदिवस बसत चालला. आधी हंडे घुमायचे थांबले, मग ताटं किणकिणायची थांबली. आक्कांनी वाकळीबद्दल बोलणं सोडून दिलं. सुदामरावांचे मला फोन रोज येऊ लागले, पण पाय उंबऱ्याला लागला नाही. "तो नाव घेईना, मी कसा येऊ सर? सांगा ना, कसा येऊ?" मोठा माणूस फोनवर रडत होता आणि अडला होता एका नावाशी. दोघांनाही एकच पाहिजे होतं, आणि वेळ फार उरलेला नव्हता.

एका शनिवारी मी दुकानात बसलो असताना एक गृहस्थ आहेराचा हंडा घेऊन आले. नाव नीट यावं म्हणून त्यांनी सोबत लग्नपत्रिका आणली होती. साडूंनी ती हातात घेतली, वरची देवाची नावं वाचली, नवरा-नवरीची वाचली, आणि खाली येऊन थांबले. गृहस्थ चुळबुळ करू लागले. साडूंनी पत्रिका माझ्यापुढं धरली आणि अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथं ‘निमंत्रक’ असं लिहून त्याखाली घरातल्या माणसांची नावं होती.

"घरच्यांची नावं असतात की हो," ते म्हणाले. "हितं असतात."

त्या संध्याकाळी त्यांनी तेलगावच्या व्याह्यांची वाट बघितली नाही. सात वाजले आणि बसलेल्या, घोगऱ्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. मी ओट्यावर होतो. दारातून ऐकू आलं, "स्वागताच्या आधी एक गोष्ट सांगायची राहून गेलेली आहे. हा कार्यक्रम कुणाच्या वतीनं चालतो, ते सांगतो. निमंत्रक, सुदाम दगडूबा आणि बंधू."

स्वतःचं नाव त्यांनी घेतलंच नाही. ‘आणि बंधू’ म्हणजे ते. मग त्यांनी भजन लावलं आणि भिंतीला धरत धरत बाहेर आले. माझ्या शेजारी टेकले. "थांबा," ते म्हणाले, "आता मी म्हणायलोय." आम्ही दोघं मोबाइलवर वाकलो. "हा कार्यक्रम कुणाच्या वतीनं चालतो, ते सांगतो. निमंत्रक..." आणि तेवढ्यात मोबाइल वाजू लागला. रेडिओ बंद पडला, पडद्यावर सुदामरावांचं नाव आलं. गेवराईला आवाज आमच्या जरा आधी पोचला असणार.

"घ्या की," साडू म्हणाले. मी फोन त्यांच्याच हातात दिला. तो कानाला लावून साडू म्हणाले, "जेवलास का?... मग ये... आत्ता नगं, रात्रीचं नगं. सकाळी ये." फोन परत देताना ते जरा खट्टू झालेले दिसले. "माझं मलाच ऐकू आलं न्हाई बघा."

मी त्या रात्री चौसाळ्यालाच राहिलो. सकाळी पहिल्या एसटीनं सुदामराव आले. साडू दुकानाच्या गादीवर होते. पायरीवर पाऊल वाजलं तसे सवयीनं अर्धे उठले, हात जोडायला वर गेले, तोंड उघडलं, आणि मग सावकाश पुन्हा खाली बसले. सुदामरावांनी चपला काढल्या आणि कुणाकडं न बघता सरळ आत गेले. आतून आक्कांनी विचारलं, "कोण आलं वो?"

"कुणी न्हाई," साडू म्हणाले. "सुदाम हाय."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पण जे राहिले ते मजेत राहिले. सुदामराव दर आठवड्याला येत, आणि दोघं भाऊ व्याह्यांच्या म्हशीवरून मनसोक्त भांडत. मला मात्र एक गोष्ट लागली. रेडिओवरच्या स्वागतात माझं नाव येईनासं झालं. आधी वाटलं, एखाद्या शनिवारी राहिलं असेल. पुढच्याही शनिवारी नाही. मला नावाची हौस नाही, पण इतकी वर्षं कानाला सवय झाली होती. दुकानाची पायरी चढलो तरी ते उठेनात, हात जोडेनात. शेवटचं भेटलो तेव्हा तर नुसतं म्हणाले, "पंखा लावा." आजारानं माणूस विसरायला लागतो, अशी मी माझी समजूत घातली. भाजीवाल्यांना माझी माहिती अजून पाठ आहे, हाच काय तो दिलासा.

श्रावणात ते गेले. दिवस झाल्यावर मुलीनं विचारलं, रेडिओ बंद करू का. सुदामराव म्हणाले, निमंत्रक मी आहे, बंद करणारी तू कोण? आता दर शनिवारी ते गेवराईहून येऊन माइकसमोर बसतात. त्यांना बोलायची काहीच कला नाही. खताचे भाव सांगावेत तशी ते नावं वाचतात. पण सगळी वाचतात. चाकणची, फडावरची, वापीच्या ड्रायव्हरचंसुद्धा. तेलगावच्या व्याह्यांची धार होईपर्यंत थांबतातही. माझंही नाव घेतात, "बीडचे आमचे सर." फक्त भावाचं नाव घेत नाहीत. पुष्कळ श्रोत्यांनी मेसेज करून विचारलं, की सुरुवातीला एकदा काकांचं नाव घेत जा. मीही एकदा म्हणालो.

सुदामरावांनी माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "दादाचं? सर, घरच्याला कुणी या-बसा म्हणतं का?"

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. पावण्याला कुणी पंखा लावायला सांगतं का?

पुढच्या शनिवारी कार्यक्रमाआधी मी गोदामात गेलो आणि सुदामरावांना म्हणालो, त्या नावांतून माझं नाव काढा. "कावून?" ते दचकले. "काय चुकलं का सर माझं?" म्हटलं, काही चुकलं नाही, तुमच्या दादांनी काढलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि माइक सुरू केला. मी ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो. नावं झाली, भजन झालं, आभार झाले. दारातला आवाज थांबला, माइक बंद झाल्याची टिक ऐकू आली, आतून आक्कांनी ताटं मांडल्याचं वाजलं. माझ्या हातात मात्र अजून थोडं यायचं होतं. मी थांबलो. मग खताचा भाव सांगावा अशा सपाट आवाजात ते आलं. जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही नम्र विनंती.